कटिंग मास्तर

"खडूने खूण कर ना, कोणी बघत नाहीये," शेठ ओठ न हलवता म्हणाले.

ती हलली नाही. करड्या लोकरी कापडाची कड दोन्ही हातांनी धरून ती टेबलाच्या टोकाशी सरळ उभी राहिली. मदतनीसाने एवढंच करायचं असतं. परीक्षेची आठ मिनिटं संपली होती आणि सहा नंबरच्या टेबलावर अजून खडूची एक रेघ पडलेली नव्हती. परदेशातल्या एका कोटाच्या कारखान्याला माणसं हवी होती, म्हणून एजंटाने ही परीक्षा ठेवली होती. दिलेल्या मापाचा कोट चाळीस मिनिटांत बेतून कापायचा. कापड एकदाच मिळणार. चुकलं की अर्ज बाद, आणि भरलेली फीसुद्धा गेली.

शेठच्या गळ्यात टेप होता आणि तो त्यांना शोभतही होता. दुकानात गिऱ्हाइकाचं माप तेच घ्यायचे. "खांदे काय आहेत साहेबांचे," म्हणत पाठ थोपटायचे आणि कापड पडद्यामागे सरकवायचे. पडद्यामागे ती असायची. तेरा वर्षं त्या दुकानातला प्रत्येक कोट तिने कापला होता. शेठनी कात्री हातात धरली असेलच, तर ती दोरा तोडायला.

महिन्यापूर्वी तिने त्यांच्याकडे अनुभवाचं पत्र मागितलं. व्हिसाला ते लागतंच. बाकी सगळं जमवून झालं होतं. वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला, या शिक्क्यावर तो शिक्का. त्यापायी घरातलं शिलाई मशीन विकून झालं होतं. शेठनी पत्र लगेच दिलं, कुरकुर न करता, आणि तिला तेव्हाच संशय यायला हवा होता. पत्रात लिहिलं होतं, मदतनीस.

"हजेरीपटावर तेच आहे," शेठ म्हणाले होते. "खोटं कसं लिहू मी?"

हजेरीपटावर तेच होतं, कारण मदतनीसाला पगार निम्मा द्यावा लागतो. आता त्या एका शब्दामुळे तिची लेक इथेच राहणार होती. कटिंग मास्तरच्या व्हिसावर मूल सोबत नेता येतं, मदतनीसाच्या व्हिसावर नाही. नऊ वर्षांच्या पोरीला तीन वर्षं मामीकडे ठेवायचं ठरलं होतं, आणि मामीने तोंड वाकडं करूनच हो म्हटलं होतं.

शेठचं दुकान अलीकडे चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तेही याच नोकरीच्या मागे आहेत, हे तिला आज सकाळी हॉलमध्ये आल्यावर कळलं. कारकून प्रत्येक मास्तरला एकेक मदतनीस वाटून देत होता. शेठ लगबगीने पुढे झाले. "ही माझ्याकडचीच आहे. हिला माझ्याच टेबलावर द्या." पत्रात मदतनीस का लिहिलं, याचा उजेड तिच्या डोक्यात तेव्हा पडला. परीक्षेत त्यांच्यासाठी कापायला तीच हवी होती. तेव्हापासून तिचं डोकं तापलेलं होतं.

"अगं, दोघंही जाऊ ना," शेठ आता गोडीगुलाबीवर आले. कपाळावर घाम होता. "तिथेही तू मला अशीच मदत कर. तुझं मी बघीन."

"तेरा वर्षं बघताय."

"हळू बोल. काय हवंय तुला?"

तिने पिशवीतून पत्र काढलं आणि कापडावर ठेवलं. "हा शब्द खोडा. तिथे खरं लिहा. कागद बरोबर झाल्याशिवाय मी आज कात्रीला हात लावणार नाही."

शेठनी घड्याळ पाहिलं. परीक्षक बाई दुसऱ्या टेबलाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. दुकानाचा शिक्का शेठच्या खिशात होताच, कारण स्वतःच्या अनुभवाचं पत्र त्यांनी स्वतःच लिहून आणलं होतं. त्यांनी शब्दावर काट मारली. वर लिहिलं, कटिंग मास्तर, तेरा वर्षं. सही केली, शिक्का उठवला.

"झालं समाधान? घे आता कात्री."

तिने कात्री घेतली. पत्रही घेतलं. आणि ती सरळ परीक्षक बाईंकडे चालू लागली.

"मला मास्तरची परीक्षा द्यायचीय," ती म्हणाली. बाईंनी चष्मा वर सरकवून पत्र वाचलं. मग शेठना विचारलं, "सही तुमचीच ना?"

शेठ तिच्या मागोमाग आलेच होते. नाही म्हणायची सोय नव्हती. शिक्क्याची शाई अजून ओली होती.

"माझीच," ते म्हणाले.

कारकून वैतागला. "मास्तरच्या अर्जाची फी जास्त असते. नापास झालात तर परत मिळायची नाही." तिने पर्स टेबलावर उपडी केली. त्यात घरी जायच्या बसभाड्याचे पैसेही होते. चालत जाऊ, काही पाय झिजत नाहीत, असं म्हणून तिने तेही दिले. पावती मात्र मागून घेतली.

"सात नंबर रिकामं आहे," बाई म्हणाल्या. "वेळ वाढवून मिळणार नाही. पंचवीस मिनिटं उरलीत."

"पुरतील."

पंचवीस मिनिटांत तिनेही कधी कोट कापला नव्हता. पण कापड समोर पसरलं, खडू बोटांत आला, आणि पाठीची पहिली रेघ तिने एका दमात ओढली. तेरा वर्षांचा राग हाताला मदतच करत होता. गळा झाला, खांद्याचा उतार झाला. काखेचा घेर काढताना कापड सरकू लागलं.

बाई जवळ आल्या. "मदतनीस तर सगळे वाटून झालेत. तुमचं कापड कोण धरणार?"

तिने मान वर न करता खडूनेच सहा नंबरचं टेबल दाखवलं.

"ते शेठ रिकामेच आहेत. त्यांना बोलवा."