गेटवरची पाटी

सव्वादहा झाले तरी पन्नास खुर्च्यांवर मिळून तीनच माणसं होती. पेंटरकाका, त्यांचा शेजारी कंपाउंडर आणि नगरपालिकेतून आलेला साहेब. साहेबाच्या मांडीवर फॉर्म होता आणि नजर घड्याळावर.

नियम सरळ होता. सभेला चाळीस रहिवासी हवेत, त्यातले दहा तरी तिशीच्या आतले. तेवढे जमले तर हॉल कॉलनीकडे राहणार. नाहीतर किल्ली साहेबाच्या खिशात आणि उद्यापासून हॉलमध्ये ऑफिसच्या जुन्या फायली. आधीच्या दोन सभांना मिळून नऊ डोकी आली होती. त्यातला एक तर पत्ता विचारायला आलेला कुरिअरवाला.

हा हॉल पेंटरकाकांच्या पिढीने सुट्टीच्या दिवशी विटा वाहून बांधला होता. काकू होत्या तोवर इथेच शिवणाचा क्लास घ्यायच्या. त्यांची कात्री अजून कपाटात होती. हॉल गेला तर काकू दुसऱ्यांदा जाणार, असं काकांना वाटायचं. पण तसं त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"पाटी तरी नीट लावलीस ना रे?" कंपाउंडरने विचारलं. सकाळपासून तो खुर्च्याच मांडत होता.

"लावली म्हणजे काय! गेटवर, चार फुटी, लाल अक्षरांत. एका बैठकीत रंगवली."

पाट्या हा काकांचा प्रांत. तीस वर्षं कॉलनीतली एकूण एक पाटी त्यांच्याच हातची. मुलांनी जिन्यात बसू नये. पाहुण्यांनी येथे गाडी लावू नये. रहिवाशांनी गच्चीवर गप्पा मारू नये. कंपाउंडर म्हणायचा, "तुझ्या पाट्या वाचल्या की शिंकायचीसुद्धा भीती वाटते बघ."

साहेबाने पेनाचं टोपण काढलं. "काका, मी तरी किती वेळ थांबणार?"

तेवढ्यात बाहेर गलका झाला. दार धाडकन उघडलं आणि पहिल्या मजल्यावरची मुलगी आत आली. तिची बडबड कधी बंद होत नसे, म्हणून सगळी कॉलनी तिला रेडिओ म्हणायची. तिच्या मागून पंधरा-वीस पोरंपोरी. पोरं भांडायला निघाली म्हणून त्यांच्या आया आल्या. आया निघाल्या म्हणून बाप आले. उरलेले मजा बघायला आले.

काकांचा चेहरा खुलला. "या, या! बसा! अरे, पंखा लावा कुणीतरी!"

"बसायला नाही आलो आम्ही," रेडिओ म्हणाली. "आधी सांगा, का येऊ नये?"

"कोण म्हणालं येऊ नये?"

"कोण म्हणजे? तुम्हीच! गेटवर एवढ्या मोठ्या अक्षरांत! 'हॉलसाठी सभा, रविवारी दहा वाजता. तरुणांनी येऊ नये.' आम्ही काय भाड्याने आणलेले आहोत का इथे?"

 साहेब मात्र पेनाने हवेत खुणा करत मोजत होता. चौतीस, पस्तीस, छत्तीस.

काकांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. 'तरुणांनी आवर्जून यावे' असं लिहायला बसला होता तो हात. पण 'तरुणांनी' झाल्यावर पुढे आपोआप गेला, तीस वर्षं जात होता तसाच. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "या म्हणायचं होतं मला. आज तुम्ही आला नसता तर हा हॉल जाणार होता."

"जाणार होता? मग आधी नाही का सांगायचं!"

"सांगितलं की. दोनदा. सूचनाफलकावर नोटीस लावली होती."

"अहो काका, त्या फलकाखाली तुमचीच पाटी आहे. 'येथे उभे राहू नये.'"

पहिला हसला तो साहेब. मग सगळा हॉल हसला, आणि हसता हसता माणसं खुर्च्यांवर बसली. आकडा त्रेपन्नवर गेला. तीन जण उभेच राहिले.

पुढचं काम, नव्या सेक्रेटरीची निवडसुद्धा, तासाभरात उरकलं. साहेबाने फॉर्मवर सही केली आणि किल्ली काकांकडेच राहिली. काकांनी ती लगेच नव्या सेक्रेटरीला दिली. नवी सेक्रेटरी रेडिओ. कपाट तिनेच उघडलं. कात्री बाहेर काढून म्हणाली, "ही काकूंची ना? माझ्या आईला त्यांनीच शिकवलं."  काकांनी मान हलवली.

सभा संपल्यावर काका पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेटकडे निघाले. रेडिओ बरोबर होतीच.

"मी पुसू?" तिने विचारलं.

काकांनी आपला ब्रश कधी कंपाउंडरलाही धरू दिला नव्हता. तो त्यांनी तिच्या हातात दिला.

रेडिओने डावीकडून सुरुवात केली. आधी हॉल गेला, मग सभा, रविवार, दहा. खालच्या ओळीतले तरुण गेले. 'येऊ' गेलं. ब्रश शेवटच्या शब्दावर आला, त्यातला 'न' पांढरा झाला आणि काकांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. एवढं राहू दे."

रेडिओ दोन पावलं मागे सरली आणि एवढ्या मोठ्या पाटीवर उरलेलं एकुलतं एक अक्षर तिने मोठ्याने वाचलं.

"ये."