पाटीवरचा नंबर

बाबा पाट्या रंगवायचे. ते गेल्यावर दादा म्हणाला, "दुकान विकून टाकू. चालवणार कोण? तू? शाळा तरी धड पुरी केलीस का?" वर 'दुकान विकणे आहे' ही पाटीसुद्धा मीच लिहायची! डोकंच फिरलं माझं. दादाने त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. मी बाबांचा ब्रश घेतला, झकास अक्षरात पाटी रंगवली आणि नंबरात शेवटच्या एकाच्या जागी गुपचूप सात लिहून टाकला.

दोन महिने एक फोन नाही. मी खूश. दादाही त्यावर काही बोलला नाही.

आज एक बेकरीवाले काका तणतणत दुकानात शिरले. "दुकान तुमचं आणि फोन मला? मी पाव भाजू की तुमची गिऱ्हाइकं सांभाळू?"

दादाने माझ्याकडे बघितलं.

"हो, मीच केलं," मी म्हटलं. "शेवटी एक होता, सात केला. मला नाही विकायचं बाबांचं दुकान!"

काकांनी माझ्या मोबाइलमधला दादाचा नंबर पाटीशी ताडून बघितला. "अगं, मधलाही आकडा चुकलाय. चार हवा, तिथे नऊ आहे."

"तो मी नाही बदलला. चिठ्ठीतच नऊ होता!"

दादा कान खाजवत छताकडे बघायला लागला.

काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे आणि त्यांना हसूच फुटलं. "माझ्या बेकरीची पाटी लिहाल का रे दोघं? नंबर तेवढा मी स्वतः लिहीन."