डावा खांदा

“कपडे काढा, हा पंचा गुंडाळा आणि पालथे झोपा, काका,” असं सांगून मालिश करणारा रघू दार ओढून बाहेर गेला आणि महिपत पंचा हातात धरून बंद दाराकडं बघत राहिला.

म्हणजे गंगाराम म्हणत होता ते खरंच होतं तर. गंगाराम मुंबईला असतो आणि शिमग्याला गावी आला की त्याच्या जिभेला हाड नसतं. देवळासमोर चारचौघांत त्यानं विचारलं होतं, तुझी अक्षया रत्नागिरीत मसाज करते म्हणे? आणि नुसता हसला होता. पोरगी कोर्स करून आयुर्वेदिक केंद्रात लागली, एवढंच महिपतला ठाऊक होतं. ते हसणं मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. जेवण गोड लागेना, रात्री डोळ्याला डोळा लागेना. मध्यंतरी अक्षयानं आईचे गुडघे दाखवायला तिला इकडं केंद्रात पाठवायला सांगितलं, तेव्हा तो फोनवरच कडाडला होता. तसल्या ठिकाणी आपल्या घरची बाई पाऊल टाकणार नाही.

आज बायकोला जिल्हा परिषदेत काम असल्याची थाप मारून तो हेदवीहून पहिल्या एसटीनं निघाला. बरोबर मोठी मोकळी पिशवी घेतली. एकदा डोळ्यांनी बघायचं, पोरीचे कपडे पिशवीत भरायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं तिला घरी न्यायचं. बास झाली नोकरी.

केंद्राच्या दारात त्यानं चपला काढल्या. तुटलेला पट्टा त्यानं स्वतःच निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवला होता. बाकीच्या चकचकीत बुटांच्या रांगेत त्या अगदीच बावळट दिसत होत्या. काउंटरवरच्या मुलीला त्यानं खोटंच नाव सांगितलं, रावजी. तिनं विचारलं, बीपी आहे का, कधी हाड मोडलं होतं का, कुठं दुखतं का. काही नाही, काही नाही, काही नाही. जास्त बोललं की पकडले जाऊ, हे त्याला कळत होतं. इथं पुरुषांना पुरुष आणि बायकांना बायकाच मालिश करतात, असंही ती म्हणाली. सांगायला काय जातंय, असं महिपतला वाटलं.

आता तो लाकडी टेबलावर पालथा पडला होता. रघूनं दारावर टकटक केली, विचारून आत आला आणि त्याच्या अंगावर चादर घातली. जेवढा भाग चोळायचा तेवढाच उघडा करायचा, लगेच पुन्हा झाकायचा. तेल कोमट होतं. जोर जास्त होतोय का, असं तो अधूनमधून विचारत होता. एवढी अदब कशासाठी, असा महिपतला उलट संशय आला. काहीतरी लपवत असल्याशिवाय माणूस इतकं गोड बोलत नाही. त्याचं अंग सैल होईना. सगळा जीव कानात गोळा झाला होता.

भिंतीपलीकडून बाईच्या कण्हण्याचा आवाज आला. महिपत ताडकन उठणार होता. तेवढ्यात ती बाई म्हणाली, “हाच गं माझे बाय, हाच गुडघा.” आणि मग अक्षयाचा आवाज आला, शांत, ओळखीचा. श्वास सोडा आजी, मी आहे ना.

महिपत पुन्हा आडवा झाला. गोठ्यात गाय अडली होती तेव्हा अक्षया तिच्याशी अशीच बोलत होती. त्याला उगाचच सोनूबाईची, त्याच्या बायकोची, आठवण झाली. सकाळी त्याला डबा द्यायला ती भिंत धरून उठली होती. तरी मनातला किडा वळवळतच राहिला. ऐकणं वेगळं, बघणं वेगळं.

रघू उजव्या खांद्यावरून पाठीवर आला, पाठीवरून कमरेवर. डाव्या खांद्याशी मात्र त्याचा हात दर वेळी वळसा घालून जात होता. महिपत मनातल्या मनात चरफडला. ह्याला धड चोळताही येत नाही. तो खांदा रातांब्याच्या झाडावरून पडल्यावर निखळला होता, तो पुरता कधी बसलाच नाही. त्या वर्षी शाळेतून आल्या आल्या अक्षया त्याला तेल लावायची, आणि तो ओरडला की हात उचलून फुंकर घालायची. पण हे या परक्या पोराला कसं ठाऊक असणार?

मालिश संपली. रघूनं कोमट पाण्याचा तांब्या पुढं केला, सावकाश उठा म्हणाला. महिपत उठून बसला आणि त्याला राहवेना.

“ह्या खांद्याला हात का नाय लावलास? काय दुकत नाय म्हनून सांगलं होतं ना मी.”

रघू घुटमळला. मग खाली मान घालून हात पुसत म्हणाला, “अक्षयाताईंनी दारात तुमच्या चपला बघितल्या, काका. मला म्हणाल्या, बाबा बघायला आलेत, त्यांना काय बघायचंय ते बघू दे. फक्त त्यांच्या डाव्या खांद्याला जप.”

महिपतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यात खुंटीला त्याची मोकळी पिशवी लोंबत होती. ती त्यानं काढली, घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि काखेत दाबून धरली.

“ती मोकळी होईस्तो बसतो मी भायेर,” तो म्हणाला. “आनी तिला सांग, शनवारी तिच्या आवशीला घेऊन येतोय.”