राक्षसाने सोडलेलं घर

अणुबॉम्बने जागा झालेला राक्षस सिनेमात शहर तुडवायचा आणि ते प्लास्टरचं शहर मॉडेलवाला बनवायचा. राक्षसाच्या रबरी कातड्यात एक देखणा पोरगा असायचा. तो आत शिरला की पाठ शिवायची मॉडेलवाल्याची बायको. वर मानेतल्या भोकातून नळीने पाणी पाजायची! मॉडेलवाल्याचा नुसता जळफळाट व्हायचा. आज त्याने शहरात हुबेहूब स्वतःचंच घर बनवलं, आत गुपचूप सिमेंट ओतलं. मार म्हणावं लाथ! कॅमेरा सुरू झाला. राक्षसाने पाय उचलला, थबकला आणि वळसा घालून गेला. "ते घर का सोडलंस?" दिग्दर्शक खेकसला. कातड्यातून आवाज आला, "दादांनी जीव ओतून केलंय, तेवढं सोड म्हणाल्या वहिनी." "पाडा ते!" दिग्दर्शक ओरडला. मॉडेलवाल्याने घाईघाईने हातोडा उचलला, "मीच पाडतो." ठण्ण! टवकासुद्धा उडाला नाही. बायकोने घराकडे पाहिलं, मग राक्षसाच्या पायाकडे, मग नवऱ्याकडे.