पंच्याण्णव टक्के

नोकरीच्या मुलाखतीत हेमांगीला दहा ओळींचा साधा प्रोग्रॅम लिहायला सांगितला. तिला एकही ओळ जमली नाही.

दुसऱ्या दिवशी ती तणतणत परभणीतल्या आपल्या जुन्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिरली. सर व्याख्या सांगत होते, मुलं उतरवून घेत होती. कॉम्प्युटर प्लास्टिकखाली झाकलेले होते.

"सर, वर्षभरात एकदा तरी आम्हाला कीबोर्डला हात लावू दिलात?"

"बिघडवले असते तुम्ही. आणि पंच्याण्णव टक्के मिळाले ना तुला?"

"पाठांतराचे मिळाले! काल मुलाखतीत व्याख्या कुणी विचारलीच नाही."

"आधी बाहेर हो!" सर ओरडले.

हेमांगीने प्लास्टिक ओढून फेकलं आणि कॉम्प्युटर सुरू केला.

"वह्या मिटा, इकडे या," ती मुलांना म्हणाली. "मलाही येत नाही. चुकत चुकत शिकू."

पहिल्या बाकावरच्या तिघी सरांकडे न बघताच उठल्या.