वाहनतळाचे लोखंडी दार

सुज्ञ वाचकहो, धुळ्यातील एका अपार्टमेंटच्या वाहनतळास लोखंडी दार कसे बसले, त्याचे निवेदन येथे नम्रपणे करीत आहे.

तिसरी मोटारसायकल चोरीस गेली, तेव्हा रहिवाशांनी तेथेच राहणाऱ्या वेल्डर नूर महंमद यांना दार बसविण्याची गळ घातली. जिच्यावर वेल्डिंगचे यंत्र लादून ते नरडाण्याच्या कामावर जात, ती जुनी मोटारसायकल म्हणजे त्यांचा उजवा हात होता. तीही सुरक्षित राहील, म्हणून त्यांनी मजुरीसुद्धा घेतली नाही. ठिणग्या पेट्रोलच्या टाक्यांवर उडू नयेत, यास्तव सकाळीच सर्व गाड्या रस्त्यावर काढल्या होत्या. संध्याकाळी काम संपताच त्यांनी शेजाऱ्यांची एकेक गाडी स्वतः ढकलत आत लावली.

"नूरभाऊ, दार कसलं, तिजोरीच केली तुम्ही!" गॅलरीतून पानबाई कौतुकाने म्हणाल्या.

नूर महंमद हसले आणि शेवटी स्वतःची गाडी आणावयास रस्त्याकडे वळले. रस्ता मोकळा होता; तेथे एकही गाडी उरली नव्हती.

तोच सेक्रेटरी सुभाषचंद लगबगीने आले आणि त्यांच्या काळ्या तळहातावर दाराची एक कोरी किल्ली ठेवून म्हणाले,



"ही तुमच्या वाट्याची, नूरभाई. जपा हं, हरवू नका!"

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल ऋणी आहे.
आपला नम्र,
शेहजाद मिस्तरी, सोनगीर