रिकाम्या सीटचा पट्टा

पहिलं एकटीचं उड्डाण संपवून मृण्मयी विमानातून उतरली. प्रथेप्रमाणे तिच्या डोक्यावर ओतायला पाण्याची बादली घेऊन प्रशिक्षक दाणी उभेच होते.

“झकास उतरवलंस!”

“मी कसली, सर? हात बोरकरांचे.” दिवंगत कॅप्टन बोरकरांच्या मेंदूतून मृत्यूनंतर काढून घेतलेलं कसब महिन्यापूर्वी तिच्या मेंदूत भरलं होतं, तेव्हापासून कॉकपिटमध्ये हात आपोआप चालत. “शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा बांधायला मी साफ विसरले होते. हातांनीच बांधला. सवय असणार त्यांची.”

दाणींनी बादली खाली ठेवली.

“बोरकरनं तो कधीच बांधला नाही,” ते हळूच म्हणाले. “सुटा पट्टा कंट्रोल स्टिकमध्ये अडकून विमान कोसळलं, म्हणून तर तो गेला.”

मृण्मयीनं खाली पाहिलं. तिचे हात हवेतच पट्टा आवळत होते, पुन्हा पुन्हा.